उत्तर लेखी हवं

बीड जिल्ह्यातल्या मतदाराला मोबाईलवरच्या प्रश्नावलीचा काडीचा उपयोग नाही, असं मी अनेक वर्षं वर्गात, स्टाफरूममध्ये, अगदी परिसंवादातही ठासून सांगत आले. वीस-तीस विधानं वाचायची, प्रत्येकापुढे ‘सहमत’ किंवा ‘असहमत’वर बोट ठेवायचं आणि शेवटी ‘तुमचे विचार अमुक उमेदवाराशी ७२ टक्के जुळतात’ असा निकाल घ्यायचा. हा प्रकार युरोपातल्या निवांत मतदारासाठी ठीक, आमच्याकडे त्याचं काय काम, अशी माझी धारणा होती. आज ती तशी राहिलेली नाही. माझे दोन आक्षेप अजूनही कायम आहेत आणि ते मी सोडणार नाही. तरीही अशी प्रश्नावली आपल्या जिल्ह्यात झाली पाहिजे आणि तिच्यासाठी आपण खपलं पाहिजे, असं मला आता मनापासून वाटतं. वर्षानुवर्षं उलट बोलत आले, ते माझ्या विद्यार्थ्यांनी ऐकलं आहे. म्हणून मत का बदललं, तेही मी त्यांना सांगायला हवं.

अंबाजोगाईला मी राज्यशास्त्र शिकवते. तुलनात्मक राजकारणाच्या तासाला हा विषय येतोच. नेदरलँड्समध्ये १९८९ साली शाळकरी मुलांसाठी छापील पुस्तिका आणि सोबत एक फ्लॉपी, अशी याची सुरुवात झाली. त्याचं नाव ‘स्टेमवायझर’. १९९८ ला ते इंटरनेटवर आलं. फिनलंडच्या सार्वजनिक वाहिनीने १९९६ मध्येच उमेदवारांना प्रश्न विचारून त्यांची उत्तरं लोकांपुढे ठेवली होती. जर्मनीत २००२ पासून नागरिकशिक्षणाची सरकारी संस्था ‘वाल-ओ-मॅट’ चालवते. त्यात ३८ विधानं असतात. तुमचं उत्तर पक्षाच्या उत्तराशी जुळलं की दोन गुण, एक जण तटस्थ असेल तर एक, अगदी विरुद्ध असेल तर शून्य. एखादा विषय जिव्हाळ्याचा असेल तर त्याचं वजन दुप्पट करता येतं. २०२१ च्या निवडणुकीत तिथे हे साधन दोन कोटींहून जास्त वेळा वापरलं गेलं.

हे सगळं शिकवून झालं की मी बीडकडे यायचे आणि माझे आक्षेप फळ्यावर लिहायचे.

पहिला आक्षेप पक्षांचा. तिकडे उत्तर पक्ष देतो, आणि पुढच्या निवडणुकीतही तो पक्ष बहुधा त्याच नावाने, त्याच भूमिकेने समोर असतो. बीड लोकसभेचा इतिहास काय सांगतो? १९६७ साली इथून क्रांतिसिंह नाना पाटील कम्युनिस्ट पक्षाचे खासदार झाले, १९७७ ला मार्क्सवादी पक्षाचे गंगाधरअप्पा बुरांडे. तो काळ विचारांचा होता असं आपण म्हणतो. पुढे १९९६ ला रजनीताई पाटील भाजपकडून लोकसभेत गेल्या आणि नंतर काँग्रेसकडून राज्यसभेत. जयसिंगराव गायकवाड १९९८ आणि १९९९ ला भाजपचे खासदार होते. २००४ ला याच मतदारसंघातून तेच राष्ट्रवादीचे खासदार झाले. परळीत २०१९ ला धनंजय मुंडे यांनी पंकजा मुंडे यांचा पराभव केला. २०२४ च्या लोकसभेला ते त्यांच्या प्रचारात होते. २०२२ ला शिवसेना फुटली, २०२३ ला राष्ट्रवादी. अशा वेळी ‘तुमचे विचार या पक्षाशी जुळतात’ हे वाक्य निकालाच्या दिवसापर्यंत तरी खरं राहील का? मी विद्यार्थ्यांना हे विचारायचे आणि वर्ग हसायचा.

दुसरा आक्षेप मला त्याहून पक्का वाटायचा. इथे कुणी कशाला विरोधच करत नाही. अहिल्यानगर–बीड–परळी हा २६१ किलोमीटरचा रेल्वेमार्ग घ्या. माझ्या शाळेपासून मी त्याच्या घोषणा ऐकल्या. १७ सप्टेंबर २०२५ ला, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी, बीडला गाडी आली. इतक्या वर्षांत ‘रेल्वे नको’ म्हणणारा एकही उमेदवार माझ्या ऐकण्यात नाही. पाणी आलं पाहिजे, उद्योग आले पाहिजेत, ऊसतोड कामगाराला न्याय मिळाला पाहिजे. सगळे सहमत. मग प्रश्नावली जुळवणार काय आणि वेगळं काढणार काय?

तिसरा आक्षेप सांगताना मी जरा भावनेने बोलायचे. प्रश्नावली असं गृहीत धरते की मतदार हा मतं असलेला एकटा माणूस आहे. आमच्याकडे मतदार एकटा नसतो. त्याचं पोरगं दुचाकीवरून पडलं तर रात्री दोन वाजता स्वामी रामानंद तीर्थ रुग्णालयात फोन कोण करणार, ठाण्यात नाव आलं तर सोबत कोण उभं राहणार, बांधाच्या भांडणात तहसीलला कोण शब्द टाकणार, या हिशेबाने तो मत देतो. हा हिशेब अडाणीपणाचा नाही. सरकारी यंत्रणा ज्याला दाद देत नाही त्याने केलेली ती तजवीज आहे. आणि जात याच तजविजीतून बळकट होते. १३ मे २०२४ च्या मतदानाआधी गावागावांत मराठा आणि ओबीसी अशी सरळ फाळणी झालेली मी पाहिली. निकाल लागला तेव्हा बजरंग सोनवणे आणि पंकजा मुंडे यांच्यात ६,५५३ मतांचं अंतर होतं. त्यानंतर कित्येक आठवडे माझ्या वर्गातली मुलं बाकावर बसतानाही आपापल्या बाजूने बसत होती.

चौथा आक्षेप भीतीचा. केंब्रिज अॅनालिटिकाचं प्रकरण २०१८ मध्ये उघड झालं. त्याच्या मुळाशी फेसबुकवरची एक साधी व्यक्तिमत्त्व चाचणी होती आणि जवळपास ८ कोटी ७० लाख लोकांची माहिती त्या मार्गाने बाहेर गेली. आमच्याकडे तर कुणाची माहिती चोरायचीही गरज पडत नाही. फॉर्म २० मध्ये प्रत्येक केंद्राचा आकडा छापून येतो आणि दुसऱ्या दिवशी पारावर हिशेब सुरू होतो: या गावाने लीड दिली, त्या वस्तीने दगा दिला. सगळ्या केंद्रांची मतं एकत्र करून मोजण्याच्या यंत्राचा प्रस्ताव निवडणूक आयोगाने मांडून बरीच वर्षं झाली; तो काही अमलात आला नाही. गावाचं मत आधीच उघडं पडतं. त्यात माणसामाणसाचं मत नोंदवणारं साधन आणून ठेवायचं, ही कल्पनाच मला अंगावर काटा आणणारी वाटे.

हे चारही आक्षेप मी मनापासून मांडत होते, त्यामुळे ते सुटायलाही वेळ लागला.

माझा एक मावसभाऊ मूळचा धारूरचा. जर्मनीत नोकरीला गेला, तिथलं नागरिकत्व घेतलं आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये तिथल्या संसदेसाठी त्याने पहिल्यांदा मत दिलं. त्याआधी त्याने वाल-ओ-मॅट भरून त्याचा निकाल मला पाठवला. मी नेहमीचंच उत्तर दिलं, की टक्क्यांवर काय मत ठरवायचं. त्यावर तो म्हणाला, “ताई, टक्के राहू दे. खाली जा, तिथलं वाच.” मी खाली गेले. प्रत्येक विधानाखाली प्रत्येक पक्षाने आपली बाजू स्वतःच्या शब्दांत लिहिली होती. सहमत का, असहमत का, तटस्थ का. काही पक्षांनी नेमकं लिहिलं होतं, काहींनी गोलमाल. पण लिहिलं होतं, आणि ते त्यांच्या नावावर राहणार होतं. इतकी वर्षं मी हे साधन शिकवत होते ते गुणांच्या अंगाने. लोक आधी टक्के बघतात म्हणून मीही टक्केच शिकवत राहिले. त्याखाली पक्षाची कबुली असते, हे मी कधी वर्गात नीट सांगितलंच नव्हतं.

स्वित्झर्लंडमधलं ‘स्मार्टव्होट’ २००३ पासून आहे आणि त्यात उत्तरं पक्ष नव्हे, उमेदवार देतात. निवडून आल्यावर त्यांनी संसदेत केलेलं मतदान तिथल्या अभ्यासकांनी त्यांच्या जुन्या उत्तरांशी ताडून पाहिलं आहे. हे वाचलं तेव्हा माझा पहिला आक्षेप हलला. उमेदवार पक्ष बदलतो हे खरं. म्हणूनच तर उत्तर उमेदवाराच्या नावावर हवं. पक्ष बदलला तरी सहीचा कागद मागे राहतो.

आणि कागदाने काय होतं हे आपण पाहिलेलं आहे. उमेदवाराने मालमत्ता, शिक्षण आणि गुन्हे प्रतिज्ञापत्रावर लिहून द्यावेत, हे सर्वोच्च न्यायालयाने २ मे २००२ च्या निकालात सांगितलं आणि मार्च २००३ मध्ये पुन्हा पक्कं केलं. त्या वेळी माझ्या वरिष्ठ सहकाऱ्यांनी मान हलवली होती: कोण वाचतंय! आज अर्ज भरल्याच्या दुसऱ्या दिवशी हॉटेलात चहा पिणाऱ्या माणसाला कुणाच्या नावावर किती एकर, किती तोळे आणि किती गुन्हे आहेत हे तोंडपाठ असतं. त्यामुळे तो त्याला मत देणं थांबवतो असं नाही. पण उमेदवार ‘माझ्यावर एकही गुन्हा नाही’ असं सभेत म्हणू शकत नाही. एवढा फरक पडला. मला तो थोडा वाटत नाही.

तरीही दुसरा आक्षेप, सगळेच सहमत असतात हा, माझ्या डोक्यातून जात नव्हता. तो मोडला धारूर तालुक्यातल्या एका गावात.

पाडव्यानंतर ऊसतोडीच्या टोळ्या परत आल्या होत्या. मुलांच्या क्षेत्रप्रकल्पासाठी आम्ही डोंगरकडेच्या एका वस्तीवर शाळेच्या व्हरांड्यात बसलो होतो. समोर पंचवीसेक बाया, बहुतेक ऊस तोडून आलेल्या. कुणाच्या तळहाताला अजून पाचटाचे चरे, कुणाच्या मांडीवर लेकरू. मुलांनी विधानं लिहून आणली होती. एक मुलगी वाचायची आणि पटलं तर हात वर करायचा. ‘ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी वसतिगृहं वाढवावीत.’ सगळे हात वर. ‘कामगारांना विमा मिळावा.’ सगळे हात वर. तिसऱ्यालाही तेच. बाया कंटाळल्या, एकदोघी उठायला लागल्या. मला आतून वाटत होतं की बघा, मी म्हणत होते तेच.

तेवढ्यात एका विद्यार्थ्याने, तो स्वतः तोडणीवाल्यांच्या घरातला, यादी बाजूला ठेवली आणि तोंडीच विचारलं: “ऊस तोडायच्या मशीनला सरकार अनुदान देतंय. ते बंद करावं का?”

व्हरांडा एकदम जागा झाला. एक जण म्हणाली, “बंदच करा. मशीन आली की आमी काय खावं?” तिच्या मागून एक तरणी बाई म्हणाली, “येऊ द्या मशीन. पहाटं तीनला उठून मोळ्या वाहायच्या, पाळीत सुट्टी न्हाई, एक दिवस खाडा केला की दंड. माझ्या जावंची पिशवी काढली तिसाव्या वर्षी. मशीनच बरी.” हात अर्धे वर, अर्धे खाली. ‘पिशवी काढली’ हे तिने ज्या सहजपणे म्हटलं, तसंच या भागात म्हणतात. २०१९ मध्ये सरकारने नेमलेल्या समितीपुढे जिल्ह्यातली पाहणी आली, तेव्हा सुमारे ८२ हजार ऊसतोड महिलांपैकी १३ हजारांहून अधिक जणींचं गर्भाशय काढलेलं असल्याचं त्यात होतं.

मग त्याने पुढचं विचारलं: उचल, म्हणजे हंगामाआधी मिळणारी आगाऊ रक्कम, बंद करून दर आठवड्याला मजुरी द्यावी का? पुन्हा दुफळी. उचल आहे म्हणून मुकादमाचा धाक आहे. पण उचल आहे म्हणूनच पोरीचं लग्न होतं, दवाखाना होतो. मग शेवटचं: नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात आणि पैसे नवऱ्याच्या हातात जातात, दोघांची मजुरी दोघांच्या वेगळ्या खात्यांवर टाकावी का? यावर सासवा एकीकडे आणि सुना दुसरीकडे झाल्या, इतक्या उघडपणे की मुलं लिहायची थांबली. एक सासूबाई तावातावाने म्हणाल्या, “घर फुटंल!” सुनेने मान खाली घालूनच, पण ऐकू जाईल असं उत्तर दिलं, “दारूत जाण्यापरीस फुटलेलं बरं.”

गुरं सोडायची वेळ होईपर्यंत कुणी हललं नाही. आणि उठता उठता एका म्हातारीने मला विचारलं, “मॅडम, हे तुमी आमाला कामून इचारायलाव? आमचं आमाला ठावं हाय. जे मतं मागायला येत्यात त्यांना इचारा, आन् ते काय म्हंतेत ते लिहून आणा.”

माझं मत बदललं ते तिथे. सगळे सहमत असतात, कारण सगळ्यांना सहमत होता येईल असेच प्रश्न विचारले जातात. ज्या प्रश्नावर एकाच घरातल्या दोन बाया भांडतात, तो प्रश्न घेऊन एकही उमेदवार त्या व्हरांड्यात आलेला नाही. जानेवारी २०२४ मध्ये तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ ठरली. ती पुण्यात, कारखान्यांचे प्रतिनिधी आणि कामगारांच्या वतीने बोलणारे नेते यांच्या बैठकीत. त्यानंतर चार महिन्यांनी लोकसभेचं मतदान झालं. त्या चार महिन्यांत उमेदवारांना कुणी विचारलं नाही की उचलीचा करार लेखी व्हावा का, मुकादमाची नोंदणी सक्तीची करावी का, दंडाची रक्कम मजुरीतून कापणं हा गुन्हा ठरवावा का. दोन्ही प्रमुख उमेदवारांचं साखर कारखान्याशी नातं सर्वांना माहीत आहे. कारखाना चालवण्यात गैर काही नाही, जिल्ह्याला त्याची गरजही आहे. पण कारखाना चालवणाऱ्याला कामगाराच्या प्रश्नावर ‘सहमत’ किंवा ‘असहमत’ यातलं एक निवडायला लावणं, हे मतदाराच्या फार कामाचं आहे.

पण डिसेंबर २०२४ मी विसरले नव्हते. ९ तारखेला मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांचं अपहरण झालं आणि त्यांचा निर्घृण खून झाला. पवनचक्कीच्या कंपनीकडे मागितलेल्या खंडणीपर्यंत तपासाचे धागे गेले, आणि मार्च २०२५ मध्ये राज्याच्या एका मंत्र्याला राजीनामा द्यावा लागला. तो खटला न्यायालयात आहे, त्यावर मी काही म्हणणार नाही. पण तो हिवाळा आठवला की माझा प्रश्नावलीवरचा नवा विश्वास पुन्हा डगमगायचा. ‘खंडणी घ्यावी का’ असं विधान यादीत कसं घालणार? कोण सहमत म्हणेल? जिल्ह्याला आतून पोखरणारी गोष्टच जर विचारता येत नसेल, तर बाकी सगळं काय कामाचं?

याचं उत्तर मला माझ्याच विद्यार्थ्यांनी दिलं. खंडणीबद्दल विचारता येत नाही, पण खंडणी ज्या वाटांनी चालते त्यांच्याबद्दल विचारता येतं. परळीच्या औष्णिक केंद्रातली राख उचलण्याचं काम खुल्या निविदेने आणि जाहीर यादीने व्हावं का? गेवराईकडे गोदावरीच्या वाळूघाटांवर कोणाचा ठेका आहे, कोणाच्या किती गाड्या निघाल्या, हे ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लागावं का? जिल्ह्यातल्या शस्त्रपरवान्यांची फेरतपासणी दर वर्षी व्हावी आणि परवानाधारकांची यादी प्रसिद्ध करावी का? पोलीस निरीक्षकाची नेमणूक आणि बदली यांत पालकमंत्र्याची शिफारस चालू नये, असा नियम हवा का? ही विधानं ज्या दिवशी मुलांनी माझ्या टेबलावर ठेवली, त्या दिवशी मी ती पुन्हा पुन्हा वाचली. यांतल्या एकालाही डोळे झाकून ‘सहमत’ म्हणणं सोपं नाही. आणि ‘असहमत’ म्हणणं तर मुळीच सोपं नाही. प्रश्नावलीतलं विधान असंच असायला हवं.

आता माझ्या ज्या दोन गोष्टी कायम आहेत त्यांबद्दल. टक्के मला अजूनही नकोत. चार विधानं आरक्षणावर आणि एक पाण्यावर ठेवलं की निकाल एकीकडे झुकतो. हेच प्रमाण उलटं केलं की दुसरीकडे. विधानं निवडणाराच अर्धा निकाल लावतो. जर्मनीतल्या सरकारी संस्थेलाही हे चुकलं नाही. मे २०१९ मध्ये युरोपीय निवडणुकीच्या तोंडावर एका छोट्या पक्षाने तक्रार केली की एका वेळी आठच पक्षांशी तुलना होते, त्यात लहान पक्ष मागे पडतात. कोलोनच्या न्यायालयाने ते साधन थांबवायला लावलं, आणि समेट झाल्यावरच ते परत सुरू झालं. आमच्याकडे २०२४ ला चाळीसच्या आसपास उमेदवार होते. एका मतदान यंत्रावर सोळाच नावं मावतात, म्हणून केंद्रात तीन यंत्रं शेजारी शेजारी मांडावी लागली. म्हाताऱ्या माणसांना नातवाने घरूनच पढवून पाठवलं होतं: कितव्या पेटीवर, वरून कितवं बटण. अशा ठिकाणी टक्क्यांचं गणित मांडून कोणावर तरी अन्याय होणारच. म्हणून बेरीज करायचीच नाही. विधान, त्याखाली उमेदवाराचं उत्तर आणि त्याचं कारण दोन ओळींत. तोलायचं ते वाचणाऱ्याने.

दुसरी गोष्ट मतदाराच्या नोंदीची. मोबाईल नंबर नको, ओटीपी नको, गावाचं नाव नको. मतदाराला काही भरायलाच लावू नये. भरायचं आहे ते उमेदवाराने. मग केंब्रिज अॅनालिटिकाची भीती राहत नाही आणि फॉर्म २० च्या वरताण काही होत नाही. ज्या घरात फोन एकच आणि तो नवऱ्याच्या खिशात, तिथल्या बाईलाही हे कागदावर वाचता येतं किंवा कुणाकडून वाचून घेता येतं. डच लोकांनी सुरुवात छापील पुस्तिकेने केली होती, हे मला आता फार महत्त्वाचं वाटतं.

उमेदवार उत्तर देतीलच का, असं मला सगळे विचारतात. प्रतिज्ञापत्र कायद्याने सक्तीचं आहे, हे नाही. पण नावापुढची जागा कोरी छापता येते आणि तिथे ‘उत्तर दिलं नाही’ असं लिहिता येतं. शिवाय ६,५५३ हा आकडा उमेदवारांनाही पाठ आहे. जिथे एवढ्यावर खासदारकी ठरते, तिथे दोन-तीन तालुक्यांत वाचल्या जाणाऱ्या कागदावर आपलं नाव कोरं राहावं असं कुणाला वाटेल? अपक्षांना तर अशी जागा कुणी देतच नाही. ते आधी भरून देतील, आणि मग बाकीच्यांना गप्प राहणं जड जाईल, असा माझा अंदाज आहे.

तिसऱ्या आक्षेपाचं, म्हणजे आधाराच्या हिशेबाचं काय? तो हिशेब मी आजही आदरानेच पाहते. रात्री दोनला फोन उचलणारा माणूस लोकांना हवाच. पण फोन उचलणारे दोघे-तिघे असतात आणि त्यांच्यातून निवडायची वेळ येते, तेव्हा आज लोकांच्या हातात जातीखेरीज दुसरं काही नसतं. दुसरं काही आपण त्यांच्या हातात दिलेलंच नाही, आणि ‘बीडचा मतदार जातीवरच जातो’ असं म्हणून आम्ही शिकवणारे मोकळे झालो. मीही त्यांच्यातच होते.

ही प्रश्नावली मी आणि माझे विद्यार्थी मिळून तयार करतो आहोत. आरक्षणाचं विधान यादीत घालायचं की नाही यावर आमच्या गटात सगळ्यात जास्त वेळ गेला. निम्म्या मुलांना ते नको होतं. पुन्हा आग लागेल, म्हणाली. ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस बीडमध्ये आणि माजलगावात आमदारांची घरं जळाली, ते या मुलांनी पाहिलेलं आहे. त्यांची भीती खोटी नाही. पण एका मुलाने सांगितलं की त्याच्या गावात एक उमेदवार ‘मराठ्यांना ओबीसीतूनच मिळालं पाहिजे’ म्हणाला आणि चार किलोमीटरवरच्या तांड्यावर जाऊन ‘तुमच्या ताटातला घास कुणाला जाऊ देणार नाही’ म्हणाला. छापलेलं उत्तर दोन्हीकडे एकच जाईल. त्यानंतर दोन्ही समाजांतल्या दोन-दोन मुलांना एकत्र बसवून ते विधान लिहायला दिलं. दोघांनाही ते तिरकं वाटू नये ही अट. त्यांनी बरेच मसुदे फाडले, आणि शेवटी जे एका ओळीचं विधान आणलं ते जसंच्या तसं यादीत गेलं आहे.

अडचण आता वेळेची आहे. सावरगाव घाटाचा आणि नारायणगडाचा दसरा मेळावा झाला की टोळ्या निघतात: कोल्हापूर, सांगली, थेट बेळगावपर्यंत. २०२४ च्या विधानसभेचं मतदान २० नोव्हेंबरला होतं आणि गाळप १५ नोव्हेंबरपासून सुरू करायचं ठरलेलं. ज्यांच्या प्रश्नांवर ही विधानं आहेत ते तेव्हा फडात असतात, आणि उमेदवारांची अंतिम यादी तर मतदानाच्या जेमतेम पंधरवडा आधी लागते. म्हणून आम्ही दोन भाग केले आहेत. विधानांचा कागद दसऱ्याच्या आधी वस्तीवस्तीवर जाईल, म्हणजे बाया त्यावर आधी भांडून घेतील. उत्तरं आली की मुलं ती आपल्या आवाजात रेकॉर्ड करतील, एका विधानाला एक ध्वनिफीत, आणि टोळीतल्या ज्या कुणाकडे फोन असेल त्याला पाठवतील. खोपीवर रात्री भाकरी थापताना ऐकता येईल एवढ्याच लांबीची, असं त्या तोडणीवाल्या घरातल्या मुलाने बजावलं आहे. त्याच्या मते दोन मिनिटांच्या पुढे कुणाचं लक्ष राहत नाही. मतदानाआधीच्या शेवटच्या ४८ तासांत काहीही पाठवायचं नाही, हेही ठरलं आहे. छपाईचे पैसे कोणत्याही पक्षाकडून, कारखान्याकडून किंवा ठेकेदाराकडून घ्यायचे नाहीत, त्यामुळे पहिल्या खेपेला कागद दोनच तालुक्यांत जाईल: धारूर आणि केज.